डावीकडची पाखरं

मानवतच्या कापसाच्या जिनिंगातली बुक्क्यांची कुस्ती दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी होती, आणि वैजीनाथ ज्वारीतल्या माळ्यावर उभा राहून भोरड्या हाकत होता.

जानेवारी सरत आला होता. कणसातलं दूध आटून दाणा घट्ट व्हायला लागला होता. नेमक्या ह्याच पंधरवड्यात भोरड्या उतरतात, आणि एक थवा बसून उठला की तासंच्या तासं ज्वारीची नुसती रिकामी बोंडकं उरतात. वैजीनाथ गोफणीत ढेकूळ घालायचा, डोक्यावर दोन गरके द्यायचा आणि हाऽऽ करून सोडायचा. थवा उठायचा, आभाळात चादर झटकल्यासारखा वळायचा.

शनिवारची सकाळची शाळा आटोपून कोकिळा मानवतहून दोन कोस चालत आली होती. ती तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. लुगडं गुडघ्याशी खोचून, भाकरीचं फडकं दातात धरून ती माळ्यावर चढली आणि बापाच्या मागं बसली.

चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस अंगानं काही दांडगा नव्हता. त्याला पहिल्यांदा पाहणारा म्हणायचा, हाच का तो वैजीनाथ? छाती बेताची, दंड दोरखंडासारखे वाळलेले. जे होतं ते कमरेत आणि पायांत. वीस वर्षं जिनिंगात हमाली, पाठीवर बोजा घेऊन हातभर रुंदीच्या फळीवरून गाडीत चढायचं आणि उतरायचं, त्यानं ती कंबर तशी झाली होती. समोरून बुक्की आली की तो फक्त कमरेतून मागं जायचा. बुक्की नाकासमोरून जायची आणि मारणाराच पुढं झुकायचा. मग मांडीशी लोंबणारा उजवा हात कुठून यायचा ते कुणाला दिसायचं नाही.

कोकिळा थव्याकडं पाहत होती. उजवीकडं ढेकूळ पडलं की भोरड्या उठत होत्या, एक फेरा मारत होत्या आणि माळ्याच्या डाव्या अंगाला येऊन बसत होत्या. अगदी जवळ, दहा हातांवर. बसून निवांत खात होत्या. वैजीनाथ समोर बघत उभा होता.

"आबा, डावीकडं."

"हां हां." त्यानं नुसते डोळे वळवले नाहीत, सगळी मान वळवली, खांदा वळवला, तेव्हा कुठं त्याला पाखरं दिसली. ढेकूळ पार पलीकडं पडलं. पाखरं उठलीसुद्धा नाहीत.

फडकं सोडून कोकिळानं भाकरी त्याच्या डाव्या हाताशी धरली. त्याचा हात भाकरीच्या अलीकडं वीतभर हवेत फिरला.

"कवापासून?" तिनं विचारलं.

वैजीनाथ खाली बसला. बराच वेळ गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"जिंतुरच्या जतरंपासून. त्या पलटणीतल्या गड्याचा एक बसला होता बग, कानशिलावर. आठ दिवस काजवे दिसले. मंग कोपऱ्यातून काळं यायलंय. दार लोटल्यावानी."

"पट्ट्या बांधणाऱ्या जमादारांना सांगा. ते उतरू देणार नाहीत."

"म्हनून तर सांगत न्हाई." त्यानं भाकरी मोडली. "मी न्हाई म्हणलो की माणिकराव चंदूला उतरवतो. तुझ्यापुढंच बोलला न्हाई का?"

तिच्यापुढंच बोलला होता. आठ दिवसांपूर्वी ती बापाला डबा द्यायला जिनिंगात गेली होती. माणिकराव जिनिंगातला हमालांचा मुकादम. कोणती टोळी कामावर आणि कोणती घरी, हे त्याच्या तोंडच्या शब्दावर होतं. भर आवारात, सरकीच्या ढिगापाशी, त्यानं तिच्या भावाला, चंद्रभानला, सदरा काढायला लावला. बैलबाजारात वशिंड दाबून बघतात तसे त्याचे खांदे दाबले. मांडीवर चापट मारली. "बापाचाच साचा हाय," तो वैजीनाथला म्हणाला. "मुंबईचा गडी येनार. गिरणीतला हाय, शिकलेला. तू उतर, न्हाई तर ह्याला उतरव. दोघंबी न्हाई म्हणत असाल तर उंद्यापासून टोळी दुसरी." वीस वर्षांचा चंद्रभान उघडा उभा राहून हसत होता. त्याला ते कौतुक वाटलं होतं. वैजीनाथनं खाली पडलेला सदरा उचलून, झटकून त्याच्या हातात दिला होता आणि म्हटलं होतं, "मी उतरतो. पन ह्याच्यानंतर पोरगं मोकळं. शबूद द्या." माणिकरावानं सगळ्यांदेखत शब्द दिला होता.

"ही एक बारी गेली की झालं," वैजीनाथ आता म्हणाला. "चंदूला कळू देऊ नको. तुझ्या मायलाबी. कुनालाच न्हाई. बोल."

त्यानं कोकिळाची मान हललेली पाहिली आणि तेवढ्यावर विश्वास ठेवला. सोळाव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली तेव्हा ह्याच माणसानं, गावानं तोंड घातलेलं न जुमानता, तिला परभणीला शिकायला नेऊन सोडलं होतं. तेव्हाही त्यानं तिला इतकंच विचारलं होतं, जाशील का? आणि तिनं अशीच मान हलवली होती.

संध्याकाळी चंद्रभान जिनिंगातून आला. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. आल्या आल्या अंगणात त्यानं हात मांडीशी सोडले, कंबर मागं टाकली आणि आईभोवती गिरकी घेतली.

"माय, बग! वैजीनाथ पैलवान!"

"अरं मेल्या, दुधाचं भगुनं लवंडशील!" बायनाबाई ओरडली, पण हसली.

"आबा, उंद्या त्या मुंबईवाल्याला पिंजून काढा. वाती वळायला माय हायेच."

वैजीनाथ उठला आणि त्यानं चंद्रभानच्या गालावर चापट मारली. जोरात नव्हे, पण आवाज झाला. चंद्रभानला ती आलेली दिसली नाही.

"हात वर धर, म्हशा. तोंडाम्होरं धर."

"तुमी कुठं धरता?"

"मला कुनी शिकीवलंय?" वैजीनाथ म्हणाला. "आन आता वय न्हाई."

कोकिळा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. आपण खेळ शिकलेलो नाही, हे बापाला ठाऊक नाही असं तिला आजवर वाटत होतं. तिनं शाळेच्या वाचनालयात वर्तमानपत्रांतून, एका जुन्या मासिकातून वाचलं होतं, की ह्या खेळात पोरं आधी दोन दोन वर्षं हात वर धरायला आणि पाय टाकायलाच शिकतात. मग मारायला. ते वाचून ती तशीच मासिक मिटून बसली होती. घरी कधी बोलली नव्हती. ज्याला सगळा मुलूख पैलवान म्हणतो, त्याला तुम्हाला खेळ येत नाही असं लेकीनं कसं म्हणायचं?

जिनिंगाचा पहारेकरी करीम जमादार निजामाच्या फौजेत होता. बुक्क्यांची कुस्ती ह्या भागात शास्त्रानं येणारा तेवढा एकच माणूस. अठ्ठेचाळीसच्या कारवाईनंतर त्याची फौज गेली, हुद्दा गेला, नुसतं जमादार हे नाव उरलं. पुढच्या वर्षी पलटणीनं मानवतला खेळ ठेवले, तेव्हा एक शिपाई बघ्यांना आव्हान देत होता आणि हमालांनी गमतीनं वैजीनाथला पुढं ढकललं. धोतराचा काचा मारून तो दोरीआत गेला. शिपायाच्या अकरा बुक्क्या हवेत गेल्या. बारावी वैजीनाथची. जमादारानं त्याच दिवशी म्हटलं होतं, ह्याला दोन वर्षं माझ्याकडं द्या. माणिकराव हसला होता. "शिकवून बिगडवता का जमादार? लोक हात सोडलेला वैजीनाथ बगायला येतेत. हात वर धरनारे छप्पन्न हायेत." मग आठ वर्षं जमादारानं फक्त त्याच्या मुठींना पट्ट्या बांधल्या, आणि दर खेपेला एकदा, हळूच, "हात उप्पर रख रे बैजनाथ," म्हणाला.

रविवारी जिनिंगाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. रुईच्या गाठी पायऱ्यांसारख्या रचून त्यांवर माणसं बसली होती. मधोमध चार बल्ल्या, त्यांना गाठी आवळायचा दोर, खाली सरकीच्या टरफलांवर अंथरलेलं तरट. कापूस निवडणाऱ्या बाया एका कडेला उभ्या होत्या. त्यांच्यात कोकिळा.

"मास्तरीणबाई, भिऊ नका," कडूबाई म्हणाली. "तुमच्या आबाला हानायला देवाला दोन येळा आंग धुऊन यावं लागंल." बाया हसल्या. कोकिळाही हसली.

दोराच्या पलीकडं चंद्रभान उभा होता. त्याच्या गळ्यात हातमोज्यांची दुसरी जोडी होती. माणिकरावानं स्वतः घातली होती. वैजीनाथला दिसेल अशा जागी त्याला उभं केलं होतं.

करीम जमादार पट्ट्या बांधून झाल्यावर बायांच्या बाजूला आला. दाढी पांढरी, पाठ ताठ. तो कोकिळाशी कधी डोळे वर करून बोलायचा नाही. त्या दिवशी त्यानं सरळ तिच्याकडं पाहिलं.

"बेटी, एक बात सच्ची बोल. पट्टी का सिरा पकड बोला मैं, तो बैजनाथ हवा में हात फिराया. उसकी आँख कैसी हाय?"

कोकिळानं चंद्रभानकडं पाहिलं. तो मोजे एकमेकांवर आपटून पाहत होता.

"चांगली हाये," ती म्हणाली.

"अल्ला कसम?"

"चांगली हाये, जमादारचाचा. घाम गेला असंल डोळ्यात."

थंडीचे दिवस होते. जमादार एवढा वेळ उभा राहिला की तिला वाटलं आता हा ओळखणार. मग त्यानं मान खाली घातली आणि गेला.

मुंबईचा गडी पंचविशीचा, ठेंगणा, लाजरा होता. घंटा म्हणून जिनिंगाचा टोल वाजला. त्यानं दोन्ही मुठी गालांशी धरल्या आणि तो वैजीनाथभोवती फिरू लागला. वैजीनाथचे हात मांडीशी. लोक ओरडले, "आलाऽ वैजीनाथ!" पहिल्या डावात मुंबईवाल्याचा एक ठोसा लागला नाही. प्रत्येक ठोशाला वैजीनाथची कंबर मागं जायची आणि अख्खं आवार हूंऽऽ करून श्वास सोडायचं. एकदा त्याचा उजवा सुटला आणि मुंबईवाला गुडघ्यावर आला. गाठींवरून टोप्या उडाल्या.

दुसऱ्या डावात तो लाजरा पोरगा शहाणा झाला. त्यानं पाहिलं की हा माणूस वळताना मान आधी वळवतो. तो उजवीकडून फिरायचा थांबला. वैजीनाथच्या डावीकडं फिरायला लागला. तिथंच राहिला, भोरड्यांसारखा.

पहिला ठोसा कानाखाली बसला. वैजीनाथ चकित झालेला दिसला, दुखावलेला नाही. आठ वर्षांत न दिसता त्याला काही लागलं नव्हतं. त्यानं मान वळवली, तर तिथं कुणी नव्हतं. दुसरा बसला. मुंबईचा गडी एक पाऊल मागं हटला आणि थांबला. हात वर घे, म्हणून तो थांबला होता हे कोकिळाला स्पष्ट दिसलं. तो पुन्हा एकदा थांबला. वैजीनाथचे हात मांडीशीच.

"सोड हात! सोड! आत्ता बग त्याचा उजवा!" माणिकराव गाठीवर उभा राहून ओरडत होता. लोक ओरडत होते. जमादार दोराला धरून ओरडत होता, "उप्पर! उप्पर रख!" कोकिळाच्या तोंडात 'डावीकडं' हा शब्द आला होता. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तिसरा बसला तेव्हा वैजीनाथ पडला नाही. बोजा टाकून हमाल बसतो तसा, आधी गुडघे, मग हात टेकून तो बसला. मग तरटावर कलला. उजवीकडं.

बैलगाडीनं त्याला परभणीला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा. वाटेत, गाव दिसायला लागलं आणि ज्वारीच्या रानातून हाऽऽ अशी आरोळी आली, तेव्हा तो गेला. शेजाऱ्याचं पाखरं राखणं चाललं होतं. गाडीत कोकिळाच्या मांडीवर डोकं होतं. बायनाबाई गाडीमागून चालत होती, तिला कळायला दोन शेतं लागली.

त्या दोन शेतांत कोकिळा रडली नाही. पुढच्या दहा दिवसांतही नाही. लोक येत होते, बसत होते आणि वैजीनाथची बारी सांगत होते. "काय ती कंबर! ईज लवावी तशी." "न शिकता बरं का! आईच्या पोटातून घेऊन आलेला." "गुरू न्हाई, तालीम न्हाई, देवानं दिलेलं सगळं." ती चहाचे पेले ठेवायची आणि उचलायची. न शिकता. न शिकता. जो येईल तो हे गुळासारखं तोंडात घोळवून जायचा. मुंबईचा गडीही येऊन गेला. उंबऱ्याबाहेर बसला, चहा घेतला नाही. "काका हात वर घेतच नव्हते, ताई," एवढंच म्हणाला. आलेल्यांत त्या एकट्याचाच तिला राग आला नाही.

माणिकराव रोज येत होता. येताना चंद्रभानच्या खांद्यावर हात टाकून बसायचा. नवव्या दिवशी तिनं भावाला परसात गाठलं. तो कडुलिंबाखाली उभा होता, हात मांडीशी सोडून, कंबरेतून मागं जात होता. एकटाच. रडत होता आणि मागं जात होता.

"चंदू, काय करायलास?"

"काई न्हाई, आक्का."

दहाव्याला बायकांनी नदीवर जायचं नसतं. तानुबाई आत्यानं दोनदा सांगितलं. कोकिळानं ऐकून घेतलं आणि पुरुषांच्या मागून चालू लागली. दुधनेच्या वाळूत तिनं बाभळीखाली जागा धरली. तिच्याहून लांब, पाण्याच्या कडेला करीम जमादार टोपी हातात घेऊन उभा होता.

पिंड ठेवला. माणसं मागं सरली. पलीकडच्या चिंचेवर पाच-सहा कावळे होते. एकही हलेना.

"जीव गुंतलाय," कुणीतरी म्हणालं. "काय ऱ्हायलं असंल ते बोला."

भाऊबंद एकेक पुढं झाले. बायनाबाईला सांभाळू. ज्वारी काढून देऊ. कोकिळेला अंतर देणार न्हाई. कावळे बसून होते. ऊन वर चढलं. वाळू तापली.

मग माणिकराव पुढं आला. त्यानं चपला काढल्या, पिंडाला हात जोडले.

"वैजीनाथ, कळलं रं बाबा, तुझा जीव कशात हाय ते. तुझं नाव बुडू देत न्हाई. चंद्रभानला मी तुझ्यापरीस मोठा करतो. होळीनंतर त्याच आखाड्यात, त्याच गड्याबरूबर. बापाचा बदला पोरगा घेईल. आता तरी ये."

"वा मुकादम!" मागून आवाज आला. माणसांत हालचाल झाली. चंद्रभानचं तोंड लाल झालं होतं. तो एक पाऊल पुढं आला.

"मी उतरतो, आबा," तो पिंडाकडं बघून म्हणाला. "शपथ."

"शबूद दिला होता तुमी," कोकिळा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. शाळेत ती बोलायची तेवढाच. पण वाळूवर सगळ्यांनी माना वळवल्या. ती बाभळीखालून निघून पिंडापाशी आली.

"मास्तरीणबाई," माणिकराव म्हणाला, "हितं बायामानसांचं काम न्हाई. कावळा शिवायचा हाय."

"नाही शिवला तर नाही शिवू दे. वैजीनाथ उतरला की पोरगं मोकळं, असा शबूद होता. सरकीच्या ढिगापाशी. चंदूचा सदरा खाली पडला होता."

"त्यो वैजीनाथ जित्ता असतानाचा..." माणिकराव हसला. "अन् पोरगं सोताच्या तोंडानं म्हणायलंय की. बापाची कला हाय त्याच्या अंगात. ती काय चुलीत घालायची?"

"कसली कला?" ती म्हणाली. "आबाला खेळ येत नव्हता."

कुणीतरी "अगंऽ" केलं.

"येत नव्हता. पाय होते, कंबर होती. नजर होती तोवर निभलं. खेळ तुमी शिकू दिला न्हाई. जमादार उभे हायेत तिथं, इचारा. आठ वर्षं त्यो मानूस हात वर धर म्हणत होता, आन तुमी हात सोडलेला बैल दावून लोक जमवत होता." तिच्या तोंडात शाळेची भाषा राहिली नव्हती. "आन नजर गेल्ती. जिंतुरपासून डाव्या डोळ्यानं आबाला दिसत नव्हतं. पाखरं दिसत नव्हती. भाकर दिसत नव्हती."

लांबवर जमादारानं टोपी तोंडाशी नेली.

"तुला कुनी सांगितलं?" चंद्रभाननं विचारलं.

"आबानं. आदल्या दिशी. माळ्यावर."

"तुला ठावं होतं?"

"होतं."

"आन तू..." त्याचा आवाज पोरासारखा फाटला. "जमादारानं तुला इचारलं, मी बघत होतो. तू काय म्हणलीस त्यान्ला?"

"चांगली हाये म्हणले."

"का, आक्का? एक शबूद बोलली असतीस तर आबा..."

"तर आबा भायेर आला असता आन तू आत गेला असतास. मोजे तुझ्या गळ्यातच होते." तिनं त्याची दोन्ही मनगटं धरली. हात मांडीशी लोंबत होते, बापाचे होते तसेच. तिनं ते सोडले नाहीत. "मी तुमा दोघांकडं बगितलं, चंदू. जमादार म्होरं उभे होते तवर बगितलं. आन तुला ठेवलं. आबाला मी धाडलं. कुनाला सांगितलं न्हाई, मायला न्हाई, सोताला न्हाई. आता तू त्या दोरीआत पाय टाक, म्हंजी आबाला मी फुकट मारलं."